मातीचे मुके सेवक

वाचनपाठ : उत्पत्ति २:४-१५, मार्क ४:२६-२९



गेल्या वर्षीं वैशाखांत सेलू तालुक्यांतील एका लहानशा मंडळीची उपासना चालविण्याचा प्रसंग आम्हांस आला. गांव बोरच्या जंगलाच्या कडेस आहे. उपासना आटोपून कडुनिंबाच्या सावलींत बसलों असतां मंडळींतील एका तरुण शेतकऱ्यानें विचारिलें, “पाळकसाहेब, घरीं गांडूळखताचें टांकें केलें आहे. गांडुळें पुष्कळ झालीं. गांवामागचें रान दरवर्षीं उघडें पडत चाललें आहे. दोन टोपल्या गांडुळें नेऊन तिकडे सोडलीं, तर रान सुधारेल काय?” ऊन फार झालें होतें व आम्हांस परतीची मोटार गांठावयाची होती. आम्ही मान हालवून म्हणालों, “सोडा, सोडा, देवाचें काम आहे, चांगलेंच होईल.”

हें उत्तर चुकीचें होतें. तें कां चुकीचें होतें हें उमगण्यास आम्हांस एक पावसाळा लागला. न समजतां देवाच्या नांवावर दिलेलें उत्तर जाहीरपणें परत घेणें हें पाळकाचें कर्तव्य आहे, म्हणून आजचें प्रवचन याच विषयावर करीत आहों.

आरंभ मातीपासून केला पाहिजे. वर्ध्याच्या शेतकऱ्यास माती ओळखावयास पाळकानें शिकवावें असें नाहीं. काळी, मोरंड, खरडी, बरडी हीं नांवें त्याच्या आजोबांच्या तोंडीं होतीं, आणि इंग्रजी अमदानींतील जमाबंदीच्या कागदांतही तींच उतरलीं. परंतु ही माती आली कोठून, हें आपण क्वचित विचारितों. ज्यास तें पाहावयाचें असेल त्यानें नवी विहीर खणली जात असेल तेथें काठावर उभें राहावें. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखालीं चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळट माती, मग मुरूम, मुरमांत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आणि अगदीं तळाशीं तो काळा पाषाण, ज्यावर पहार आपटली असतां ती उलटून हातास झिणझिण्या आणिते. माती कशी झाली ही गोष्ट त्या विहिरीच्या भिंतीवर उलट्या क्रमानें लिहिलेली असते.

तो पाषाण एके काळीं तप्त रस होता. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीला पडलेल्या भेगांतून तो वर आला आणि थरावर थर असा पश्चिम व मध्य हिंदुस्थानावर पसरला. आपला जिल्हा बहुतेक सर्व त्याच थरांवर वसलेला आहे. समुद्रपूर तालुक्यांत गिरडच्या टेकडीवर जे गोलसर पांढुरके खडे सांपडतात, ते शेख फरीदबाबांनीं व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले अशी तेथील लोककथा आहे. भूगर्भशास्त्र सांगतें कीं थिजलेल्या रसांत वाफेचे जे बुडबुडे अडकून राहिले, त्यांच्या पोकळींत पाण्यानें आणून भरलेलें तें खनिज आहे.

या थरांविषयीं प्रथम बारकाईनें लिहिणाऱ्यांत एक मिशनरी होता, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांस ठाऊक असावी. नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नांवाचें कॉलेज तेथें आहे, ते खेडोपाडीं सुवार्ता सांगत फिरतांना वाटेवरचे धोंडेही पाहत जात. नागपूरजवळ टाकळी येथें त्यांस व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांस दोन पाषाणथरांच्या मध्यें चिखलाचा एक पातळ थर सांपडला, आणि त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शिंपले, फळें व बिया दगड होऊन राहिल्या होत्या. याचा अर्थ काय? एक रस वाहून थिजला; त्यावर पाऊस पडला, तळीं साचलीं, माती झाली, झाडें वाढलीं; मग दुसरा रस आला व सर्व झांकून गेला. तरीही देवानें पुन्हां आरंभ केला. हिस्लॉपसाहेब १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं जुनीं दगडी वर्तुळें पाहून बोरीकडे परततांना पुरानें भरलेल्या ओढ्यांत बुडून वारले. तें ठिकाण आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. असो.

पाषाण फुटतो कसा? दिवसा तापतो, रात्रीं निवतो, त्यास बारीक चिरा पडतात. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बनवायु घेऊन किंचित् आंबट होतें आणि त्या चिरांत शिरून खनिजें विरघळवितें. दगडफूल त्यावर चिकटतें. मुळें फटींत घुसतात. असा एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात, कठीण पाषाणावर त्याहूनही अधिक. उंचावर जी राहते ती बरडी. बारीक कण पाण्याबरोबर उतरून सपाटीवर बसतात ती काळी. ही काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून हातहात भेगा पाडते. वरची भुकटी त्या भेगांत पडते आणि पुढल्या पावसांत भेगा मिटतात. अशा रीतीनें ती स्वतःच स्वतःस उलथीत असते.

परंतु दगडाचा चुरा झाला म्हणजे माती झाली असें नव्हे. सडकेच्या कामासाठीं काढलेल्या मुरमाचा ढीग पाहा. पांच पावसाळे गेले तरी त्यावर तरोट्यापलीकडे कांहीं दिसत नाहीं. त्या चुऱ्यांत मेलेलें पान, मेलेलें मूळ, मेलेला किडा मिसळला पाहिजे, तें सर्व कुजून काळें झालें पाहिजे, आणि तें कणाकणांत कालविलें गेलें पाहिजे. तें कालवितो कोण?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें मनुष्यास जमिनीच्या मातीपासून घडविलें असें सांगितलें आहे. सेमिनरींत आम्हांस इब्री शिकवीत, त्यांतील बहुतेक आम्ही विसरलों; पण हें विसरलों नाहीं कीं जमिनीस ‘अदामा’ म्हणतात, आणि तिच्यापासून झाला तो ‘आदाम’. पुढें पंधराव्या वचनांत त्यास बागेंत ठेवून जें काम नेमून दिलें, त्याचा मूळ शब्द ‘अबद’ असा आहे. त्याचा अर्थ मशागत करणें असा होतो, आणि सेवा करणें असाही होतो. दासाच्या कामास व उपासनेसही तोच शब्द लागतो. म्हणजे मनुष्यास जमिनीचा सेवक म्हणून ठेविलें. मात्र त्या कामावर तो पहिला नव्हता. त्याच्या आधींपासून कोट्यवधि सेवक तेथें राबत होते, आणि त्यांपैकीं बहुतेकांस आपण पायाखालीं तुडवितों.

त्यांपैकीं गांडुळाविषयीं चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं एक सबंध ग्रंथ लिहिला. हें नांव ऐकतांच आमच्या कित्येक वडील बंधूंच्या कपाळास आठी पडते हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं तूर्त ती बाजूस ठेवावी, कारण या गृहस्थानें गांडुळांपुढें जी नम्रता दाखविली ती पुष्कळ उपदेशकांत आढळत नाहीं. १८३७ सालीं त्यानें या विषयावर पहिला निबंध वाचला, आणि ग्रंथ निघाला तो चव्वेचाळीस वर्षांनीं. १८४२ सालीं आपल्या घराजवळच्या एका कुरणावर त्यानें खडूचा चुरा पसरविला आणि एकोणतीस वर्षें थांबून, १८७१ सालीं तेथें चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खालीं गेली होती. ती कोणी पुरली नव्हती. गांडुळें खालची माती वर आणून टाकीत गेलीं आणि खडू आपोआप झांकला गेला. कुंड्यांत गांडुळें ठेवून त्यानें त्यांस वाद्यें ऐकविलीं. तीं बहिरीं निघालीं. परंतु कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवितांच तीं बिळांत पळालीं, कारण हादरा त्यांस कळतो. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दरवर्षीं दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाते असा त्यानें हिशेब केला.

हा जीव करितो काय, तें सोप्या शब्दांत सांगूं. त्यास दांत नाहींत. कोंबडीच्या पोटांत जशी पेषणी असते तशी त्याच्या पोटांत आहे. पान व माती गिळून, वाळूच्या कणांनीं तीं दळून, पोटांतील रसांनीं कालवून तो बारीक गोळ्यांच्या रूपानें बाहेर टाकितो. त्या विष्ठेंत झाडास लागणारीं द्रव्यें भोंवतालच्या मातीहून अधिक आणि लवकर मिळतील अशीं असतात. त्याच्या बिळांतून हवा खालीं जाते व पाणीही जातें. जेथें बिळें आहेत तेथें पहिला जोराचा पाऊस जमिनींत मुरतो. नाहींत तेथें तो वाहून जातो आणि जातांना माती नेतो. बोरच्या धरणांत साचणारा गाळ हा कोणाच्या तरी टेकडीचा अंगरखा आहे.

गांडुळांचींही घराणीं आहेत. कांहीं केवळ पाचोळ्यांत राहतात, शेणावर व कुजक्या पानांवर जगतात, जमीन खणीत नाहींत. कांहीं वरच्या मातींत आडवीं बिळें करून माती खात राहतात. आणि कांहीं खोल उभीं बिळें करून रात्रीं वर येतात व पान ओढून खालीं नेतात. प्रत्येकाचें काम निराळें आहे.

शिवाय आपलें रान म्हणजे इंग्लंडचें कुरण नव्हे. बोरच्या साग, ऐन, तेंदू व बांबूच्या रानांत, जें १९७० सालीं अभयारण्य व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें, शिशिरापासून पाने गळतात आणि पुढें कित्येक महिने थेंब पडत नाहीं. ओल संपूं लागली कीं येथील गांडुळें खोल जातात, एक लहानशी कोठडी करून तींत अंगाची गांठ मारून निजतात, आणि मृगाचा पाऊस त्यांच्यापर्यंत पोंचला म्हणजेच उठतात. मधल्या काळांत काम बंद पडत नाहीं. तें वाळवीच्या हातीं जातें. ज्या वारुळांस आपण रानाची खोड समजतों, तेथें वाळलेलें लांकूड व पान मातीस मिळत असतें. प्रभूच्या मार्क चौथ्या अध्यायांतील दृष्टांतांत पेरणारा निजतो, उठतो, आणि जमीन आपण होऊन पीक देते. त्या ‘आपण होऊन’ शब्दांत केवढी चाकरी दडली आहे, हें आम्हीं वीस वर्षें त्या पाठावर प्रवचन करूनही पाहिलें नव्हतें.

आतां त्या तरुण बंधूच्या टोपल्यांकडे येऊं. पावसाळ्याच्या तोंडाशीं आम्ही मुद्दाम परत गेलों आणि तेथील एका वृद्ध वडिलांबरोबर त्या रानांत हिंडलों. जमीन उघडी व काळवंडलेली होती. चैत्रांत मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाचोळा पेटवितात, म्हणजे फूल स्वच्छ दिसतें. तेंदूस नवी पालवी यावी म्हणूनही विस्तव लाविला जातो. आणि वारा असला कीं एका झाडाचा विस्तव टेकडीभर जातो. यांत दुष्टपणा नाहीं, पोट आहे. ज्या घरीं मोहाच्या टोपलीवर मुलांच्या वह्या येतात त्यांस दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. परंतु त्या विस्तवांत काय जळतें तें पाहिलें पाहिजे. पाचोळ्यांत राहणारे जीव जळतात. खोल निजलेलीं गांडुळें वांचतात, पण उठतील तेव्हां त्यांचें वर्षाचें अन्न धूर होऊन गेलेलें असतें. राखेनें एक पावसाळा गवत हिरवें दिसतें आणि मनुष्य फसतो. पानांतील नत्र हवेंत गेलें. उघड्या जमिनीवर पहिल्या सरीनें पापुद्रा धरला. उरलें तें ओढ्यास मिळालें.

अशा जमिनींत टांक्यांतील गांडुळें सोडलीं तर काय होईल? खतासाठीं जीं विकत मिळतात तीं बहुधा परदेशी जातीचीं व पाचोळ्या-शेणावर जगणारीं असतात. शेणाच्या ढिगांत त्यांच्यासारखा कामकरी नाहीं. परंतु उघड्या रानांत त्यांस ना ओल, ना अन्न. तीं आठ दिवसांत मरतील. आणि जेथें पाचोळा आहे तेथें येथलीं स्वतःचीं गांडुळें आहेतच.

मरतील इतकेंच असतें तर फारशी हानि नव्हती. पण परक्या ठिकाणीं नेलेला चांगला सेवकही घात करूं शकतो, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आदि उत्तरेकडील प्रांत हजारों वर्षें बर्फाच्या कड्याखालीं होते. दहाबारा हजार वर्षांपूर्वीं बर्फ हटला व रान वाढलें, तें गांडुळांवांचून वाढलें. तेथें पाने हळूहळू कुजत, त्यांची जाड गादी होई, आणि त्या गादींत मेपलचीं रोपें, रानफुलें व नाजूक नेचे रुजत. युरोपांतून वसाहतवाले आले, त्यांच्या रोपांच्या मुळांशीं व जहाजांत भारासाठीं भरलेल्या मातींत गांडुळें आलीं. पुढें मासे धरणाऱ्यांनीं गळाचें उरलेलें आमिष सरोवरांच्या कांठीं टाकून दिलें. गांडुळांनीं आपलें नेहमींचेंच काम केलें. त्यांनीं ती गादी कांहीं वर्षांत खाऊन टाकिली. रोपें उघडीं पडलीं, फुलें नाहींशीं झालीं, झाडांचीं मुळें वर दिसूं लागलीं. तेथें आतां आशियांतून गेलेलीं दुसरीं गांडुळेंही पसरत आहेत, व वनखात्याचे लोक लोकांस विनवीत असतात कीं रानांत गांडुळें सोडूं नका. इंग्लंडांत ज्याच्यावर स्तुतीचा ग्रंथ झाला, तोच जीव तेथें रानाचा वैरी ठरला. त्याचा स्वभाव बदलला नव्हता. ज्यानें त्यास तेथें नेलें त्यानें त्या ठिकाणास कांहीं विचारिलें नव्हतें. आमच्या कार्यांतही दूरच्या शहरीं यशस्वी झालेली योजना खेड्याच्या मंडळीवर आणून ओतण्याचा मोह होतो, व तेथें जी श्रद्धा हळूहळू साचत होती तीच खाल्ली जाते. आम्हीं स्वतः असें एकदां केलें आहे. तें प्रकरण निराळें.

स्तोत्रकर्त्यानें बाविसाव्या स्तोत्रांत अपमानानें पिचून जाऊन स्वतःस कीटक म्हटलें. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत देव याकोबास तेंच नांव देतो, पण तें मायेनें, आणि भिऊं नको असें सांगण्यासाठीं. वर्ध्यासच मगनवाडींत राहून ग्रामोद्योग संघाचें काम करणारे आपले ख्रिस्ती बंधु जे. सी. कुमारप्पा यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकांत जगण्याच्या रीतींची उतरंड लाविली आहे : ओरबाडून जगणारा खालीं, स्वतः श्रम करून खाणारा त्याच्या वर, आणि मोबदला न मागतां दुसऱ्यासाठीं झिजणारा सर्वांत वर. त्या उतरंडींत आमच्या मतें गांडूळ पुष्कळ वर बसेल, आणि आम्ही कोठें बसूं हें सांगण्यास संकोच वाटतो. कारण आमच्या मंदिराच्या आवारांत दोन मोठे कडुनिंब आहेत, आणि रविवारची उपासना नीटनेटकी व्हावी म्हणून दर शनिवारीं त्यांचा पाला झाडून कोपऱ्यांत पेटविण्याची शिस्त आम्हींच घातली होती. अकरा वर्षें ती चालली. आवारांतील जमीन फरशीसारखी टणक झाली होती, आणि तेथें फुलझाडें जगत नाहींत म्हणून आम्ही मंडळीच्या सभेंत दोनदां कुरकुर केली होती.

सेलूच्या त्या मंडळींत आम्हीं उभें राहून आपलें पहिलें उत्तर चुकलें असें सांगितलें. टांक्यांतील गांडुळें टांक्यांतच असूं द्यावीं व त्यांचें खत आपल्या शेतास घालावें. रानास टोपली नको, पान हवें. कोणी हंसलें नाहीं. एक वृद्ध बाई एवढेंच म्हणाल्या, “पाळकसाहेब, पान राखायचें तर फूल कसें वेंचायचें, तें सांगा.” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें; तें त्यांच्यांतूनच निघालें. चार घरांनीं ठरविलें कीं आपापल्या झाडांखालचा पाला खराट्यानें बाजूस ओढावा, जुनीं लुगडीं व जाळीं पसरावीं, फूल त्यांवर पडूं द्यावें, आणि वेंचणी संपल्यावर पाला पुन्हां झाडाखालीं सारावा. काम दुप्पट पडेल, हें त्यांस ठाऊक होतें. बाकीच्यांनीं पाहूं म्हटलें.

यंदा चैत्रांत त्या चार घरांनीं तसें केलें. मृगाचा पाऊस उशिरानें आला. तो पडल्यावर पंधरा दिवसांनीं आम्ही गेलों, तेव्हां त्या तरुणानें आम्हांस एका मोहाखालीं नेलें आणि ओला पाला हातानें सारून दाखविला. खालीं मोहरीएवढ्या काळ्या गोळ्यांच्या लहान लहान राशी होत्या. आम्हीं सात मोजल्या. शेजारच्या जळलेल्या जमिनीवरही त्यानें बराच वेळ शोधलें. तेथें एक सांपडली. त्यानें पाला होता तसा पुन्हां पसरला व आम्ही उपासनेस गेलों.